नजर कुठे ठेवायची? गोल्फ स्विंगमधल्या नेमाचा आणि खुणांचा आढावा

गोल्फचा चेंडू जमिनीवर निश्चल पडलेला असतो. तो जिथे पोहोचवायचा ते ठिकाण दीडशे-दोनशे मीटर दूर, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या खांद्याच्या पलीकडे असतं. आणि फटका मारण्याच्या क्षणी खेळाडूची नजर त्या ठिकाणावर नसते, पायांपुढच्या गवतावर असते. तिरंदाज, नेमबाज, कॅरम खेळणारा हे सगळे लक्ष्य डोळ्यांपुढे ठेवून नेम धरतात. गोल्फ खेळणाऱ्याला मात्र आधी पाहिलेल्या गोष्टीवर विसंबून, तिच्याकडे न पाहता, तिच्यावर नेम साधायचा असतो.

त्यामुळे हा खेळ शिकवणाऱ्यांपुढे शंभरहून अधिक वर्षं एक प्रश्न उभा आहे. स्विंग चालू असताना खेळाडूच्या नजरेत आणि मनात काय असावं? चेंडू? चेंडूच्या पुढची गवताची काडी? दूरचा झेंडा? स्वतःचे हात? मोठमोठ्या खेळाडूंनी आणि शिक्षकांनी दिलेली उत्तरं एकमेकांना छेद देणारी आहेत, आणि संशोधकांनी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्षही पहिल्या वाचनात एका दिशेने जात नाहीत. ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की बहुतेक वाद दोन वेगळी कामं एकत्र केल्यामुळे माजतात. डोळ्याचं मुख्य काम दिशा ठरवण्याचं आणि ते स्विंग सुरू होण्याआधी पुरं व्हायला हवं. स्विंग सुरू झाल्यावर खुणेचं काम बदलतं. तेव्हा ती शरीराला स्वतःच्याच हालचालींत अडकू देत नाही, एवढंच तिच्याकडून मागायचं.

याचं पहिलं कारण वेळेचं आहे. वर गेलेला क्लब खाली येऊन चेंडूला भिडेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. डोळ्यांनी काही टिपून हाताने त्याला प्रतिसाद द्यायला माणसाला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. चेंडू आणि क्लबफेस एकमेकांना चिकटून असतात ते तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याएवढाच काळ. म्हणजे क्लब खाली येताना ‘अरे, जरा उजवीकडे चालला’ हे डोळ्यांना दिसलं तरी दुरुस्तीची वेळ टळलेली असते. क्रिकेटच्या नेटमध्ये ‘नजर चेंडूवर’ हे वाक्य खरं आहे, कारण तिथे चेंडू टप्पा घेतो, वळतो, उसळतो, आणि फलंदाजाला त्याप्रमाणे बॅट आणायची असते. गोल्फमध्ये हेच वाक्य जसंच्या तसं शिकवलं जातं, पण इथे चेंडूकडे पाहून नवीन काही कळण्यासारखं नसतं. तो होता तिथेच आहे.

दुसरा आणि मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा अंध खेळाडूंच्या गोल्फमध्ये आहे. चार्ली बॉसवेल हा अलाबामाचा फुटबॉल खेळाडू. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली जर्मनीत त्याची दृष्टी गेली. त्यानंतर तो गोल्फ शिकला आणि अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय स्पर्धा त्याने अनेकदा जिंकल्या. अंध खेळाडूबरोबर एक सहायक असतो. तो चेंडू कुठे पडला आहे, अंतर किती, उतार कसा हे सांगतो, खेळाडूला योग्य दिशेने उभं करतो आणि क्लबफेस चेंडूमागे नीट टेकवून देतो. मग तो बाजूला होतो आणि स्विंग सर्वस्वी खेळाडूचा असतो. गोल्फच्या नियमावलीत २०२३ पासून अपंग खेळाडूंसाठी २५ वा नियम मुख्य नियमांतच आला आहे. अंध खेळाडूला उभं राहताना आणि दिशा जुळवताना सहायकाची मदत घेता येते, ते त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे दृष्टी नसताना खेळाडूला उसनं घ्यावं लागतं ते दिशाज्ञान. स्विंग उसना घ्यावा लागत नाही. डोळस खेळाडूंना शिकवताना आपण याच्या अगदी उलट वागतो. स्विंगवर महिनोन्‌महिने आणि नेमावर पहिल्या दिवसाची दहा मिनिटं.

नेम किती काटेकोर हवा याचा हिशोब सोपा आहे. क्लबफेस एका अंशाने चुकला तर दोनशे मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला जातो, ते खपून जातं. पाच अंश चुकला तर साडेसतरा मीटर, म्हणजे फेअरवे सोडून झाडीत. ग्रीनवर तर एक अंशही महाग पडतो. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे मधल्या बिंदूपासून काठ ५४ मिलिमीटरवर. तीन मीटरवरून एका अंशाची चूक चेंडूला ५२ मिलिमीटर बाजूला नेते. तो काठाला लागून आत पडला तर नशीब.

आता हीच चूक बाजूने उभं राहून, मान वळवून, तिरक्या नजरेने टाळायची असते. इथे जॅक निकलसची पद्धत सर्वांत उपयोगी ठरली आणि आज व्यावसायिक खेळाडूंत ती जवळजवळ सार्वत्रिक आहे. निकलस चेंडूच्या मागे उभा राहून लक्ष्याकडे पाहायचा. चेंडू ते लक्ष्य या रेषेवर, चेंडूपासून काही फुटांवरच, एखादं पान, जुन्या फटक्याने उडालेल्या गवताची खाच किंवा वेगळ्या रंगाचा ठिपका हेरायचा, आणि मग क्लबफेस दूरच्या झेंड्याकडे रोखण्याऐवजी त्या जवळच्या खुणेकडे रोखायचा. १९७४ च्या ‘गोल्फ माय वे’ या पुस्तकात त्याने हे सविस्तर सांगितलं आहे. फटक्याआधी चेंडूचं संपूर्ण उड्डाण मनात चित्रपटासारखं पाहण्याची त्याची सवयही याच पुस्तकामुळे जगभर पोहोचली.

जवळची खूण का उपयोगी पडते? दोनशे मीटरवरचा झेंडा पाहायला मान वर करून वळवावी लागते, आणि मान वळली की डोळ्यांची आडवी रेषा तिरकी होते, खांदे नकळत उघडतात. एक मीटरवरची खूण मात्र चेंडूबरोबर एकाच नजरेत मावते. शिवाय चेंडूमागे उभं राहून दोन्ही डोळ्यांनी घेतलेला निर्णय, शेजारी उभं राहिल्यावर बदलण्याचा मोह टळतो. याची एक मर्यादा आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. एक मीटरवरच्या खुणेत एक सेंटिमीटरची चूक झाली तर दोनशे मीटरवर ती दोन मीटर होते. म्हणून खूण ढोबळ चालत नाही. ‘त्या गवताच्या पुंजक्यावरून’ हे पुरेसं नाही. पुंजक्याची कुठली कड, तेही ठरलेलं असावं. आणि क्लबफेस आधी जुळवायचा, पाय नंतर. पाय आधी रोवले की फेस त्यांच्यामागून ओढला जातो.

इथेच हौशी खेळाडूंच्या बहुसंख्य दुखण्यांचं मूळ आहे असं मला वाटतं. उजव्या हाताने खेळणारा बहुधा आपले खांदे आणि पाय थेट झेंड्याकडे रोखतो. पण चेंडू पायांपासून दूर, वेगळ्या रेषेवर असतो. पायांची रेषा लक्ष्यरेषेला समांतर आणि थोडी डावीकडे असायला हवी. ती झेंड्याकडेच रोखली तर चेंडूची रेषा झेंड्याच्या उजवीकडे निघते. मग मेंदू गप्प बसत नाही. त्याला झेंडा कुठे आहे ते ठाऊक असतं, म्हणून खाली येता येता तो खांदे बाहेर फेकून क्लब डावीकडे ओढतो. शिक्षक पाहतो तेव्हा त्याला बाहेरून आत आडवा येणारा क्लब दिसतो आणि तो स्विंग दुरुस्त करायला घेतो. पण हा स्विंग चुकीच्या नेमाला मिळालेलं योग्य उत्तर होतं. नेम तसाच ठेवून स्विंग सरळ केला तर चेंडू अधिकच उजवीकडे जाणार, आणि शिष्य आठवड्याभरात जुन्या स्विंगकडे परतणार. सरावाच्या मैदानावर जमिनीवर ठेवलेल्या दोन काठ्या या बाबतीत अनेक महागड्या तासिकांपेक्षा अधिक खरं सांगतात.

दूरचं लक्ष्य निवडतानाही बारकावा लागतो. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरचं १७ वं होल जगातल्या सर्वांत अवघड होल्सपैकी मानलं जातं. तिथे टीवरून चेंडू जुन्या रेल्वे शेड्सच्या आकाराच्या बांधकामावरून मारावा लागतो आणि फेअरवेचा बराच भाग दिसत नाही. त्या भिंतीवर ‘ओल्ड कोर्स हॉटेल’ ही अक्षरं आहेत. खेळाडू आणि कॅडी वारा पाहून त्यांतलं एखादं अक्षर ठरवतात आणि त्यावरून चेंडू नेतात. आयर्लंडमधल्या लाहिंच इथे ‘डेल’ नावाचं छोटं होल आहे. ग्रीन टेकड्यांच्या मागे पूर्ण झाकलेलं. समोरच्या टेकडीवर एक पांढरा रंगवलेला दगड ठेवतात आणि भोकाची जागा बदलली की दगडही सरकवतात. दिसत नसलेल्या ग्रीनवर खेळायचं ते त्या दगडावर भरवसा ठेवून. लक्ष्य न दिसताही चांगला फटका बसतो, कारण खूण नेमकी असते. क्रीडा-मानसशास्त्रज्ञ बॉब रोटेला लक्ष्य शक्य तितकं लहान निवडायला सांगत आले, त्याचाही अर्थ हाच: ‘फेअरवेच्या मधोमध’ हे लक्ष्य नव्हे, त्यापलीकडच्या झाडाची एक फांदी हे लक्ष्य.

हे झालं स्विंगच्या आधीचं. स्विंगमधल्या खुणांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे.

अर्नेस्ट जोन्स हा इंग्लिश व्यावसायिक पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये उजव्या पायाला गुडघ्याखाली मुकला. एका पायावरही आपण उत्तम खेळू शकतो हे पाहिल्यावर शरीराच्या एकेका अवयवाची स्थिती शिकवण्यावरचा त्याचा विश्वास उडाला. रुमालाच्या टोकाला छोटा चाकू बांधून तो फिरवून दाखवायचा. रुमाल ओढला किंवा ढकलला तर तो ढिला पडतो, लयीत फिरवला तरच ताणलेला राहतो. शिष्याने डोळ्यांपुढे ठेवायचं ते क्लबचं फिरणारं डोकं. खांदे, कंबर, मनगट यांच्याकडे लक्षच द्यायचं नाही.

बेन होगनने १९५७ च्या ‘फाइव्ह लेसन्स’मध्ये दिलेलं चित्र याहून प्रसिद्ध झालं. चेंडूपासून खांद्यांपर्यंत तिरकी टेकवलेली एक मोठी काच, तिच्या भोकातून बाहेर आलेलं डोकं, आणि क्लब वर नेताना ती काच फुटता कामा नये. अँथनी रॅव्हिएलीच्या रेखाटनांनी ती काच गोल्फ खेळणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात बसवली. होगनने स्वतः शरीराच्या हालचालींचं अत्यंत बारीक वर्णन केलं आहे, पण लोकांच्या लक्षात राहिली ती काच, आणि ते स्वाभाविक होतं. दिसणारी वस्तू शरीराला समजते.

नेमबिंदू हा शब्द काटेकोर अर्थाने वापरला तो होमर केलीने. केली सिएटलला बोइंगमध्ये काम करणारा माणूस. कित्येक वर्षांच्या अभ्यासानंतर १९६९ मध्ये त्याने ‘द गोल्फिंग मशीन’ हे पुस्तक काढलं. स्विंगचे २४ घटक पाडून, भूमितीच्या भाषेत लिहिलेलं ते पुस्तक वाचायला कठीण आहे, पण त्यातली एक कल्पना विलक्षण सोपी आहे. क्लबहेड नेमून चेंडूवर आणायचं नसतंच. हातांचा जोर जमिनीवरच्या एका ठरावीक बिंदूकडे रोखायचा, क्लबहेड मागून येऊन आपोआप चेंडूला भिडतं. हा बिंदू चेंडूवरच असेल असं नाही. क्लबनुसार आणि फटक्यानुसार तो बदलतो. चेंडूवर क्लबहेड आदळायच्या घाईत मनगटं आधीच सुटतात आणि क्लब चेंडूमागच्या मातीत घुसतो. हा हौशी खेळाडूंचा सर्वांत सामान्य दोष या एका खुणेने कमी होतो. केलीच्या विचारांत वाढलेला बॉबी क्लॅम्पेट २००७ च्या ‘द इम्पॅक्ट झोन’मध्ये हेच अधिक सोपं करून सांगतो: स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या चार इंच पुढे हवा आणि लक्ष तिथेच हवं. अलीकडचा ब्रायसन डीशॅम्बो हाही केलीच्या पुस्तकावर पोसलेला खेळाडू.

आयर्नसाठी हा सल्ला शास्त्राला धरून आहे. जमिनीवरचा चेंडू चांगला मारायचा तर क्लब खाली येतानाच त्याला भिडायला हवा आणि गवत त्याच्या पुढचं उडायला हवं. बंकरच्या वाळूत एक रेघ ओढून, वाळू रेघेच्या पुढेच उडते का हे पाहण्याचा सराव कुणालाही करता येतो. पण ड्रायव्हरला हीच खूण मारक आहे. तिथे चेंडू टीवर उंच असतो आणि क्लब वर येऊ लागल्यावर तो भिडला तर अंतर वाढतं. एकच नेमबिंदू चौदाही क्लबांना पुरतो असं जे सांगतात, त्यांचं मी ऐकणार नाही.

दुसरी लोकप्रिय खूण म्हणजे चेंडूवरच कल्पिलेलं घड्याळ. वरून पाहताना खेळाडूच्या बाजूला सहा, लक्ष्याच्या बाजूला नऊ, आणि क्लब यावा तो साधारण चार वाजतात त्या जागेवर, म्हणजे आतल्या बाजूने. बाहेरून आत आडवा मारणाऱ्याला याने लगेच फरक जाणवतो. पण इथे क्लबफेसचा विचार आला पाहिजे. जुनी पुस्तकं सांगायची की चेंडू सुरुवातीला क्लबच्या मार्गाने निघतो आणि नंतर फेसच्या दिशेने वळतो. २००३ पासून आलेल्या ट्रॅकमॅनसारख्या रडारयंत्रांच्या मोजमापांनी हे उलटवलं. चेंडूची सुरुवातीची दिशा आयर्नमध्ये सुमारे ७५ टक्के आणि ड्रायव्हरमध्ये सुमारे ८५ टक्के फेस ठरवतो. थिओडोर जॉर्गनसन या भौतिकशास्त्रज्ञाने १९९३ च्या ‘द फिजिक्स ऑफ गोल्फ’मध्ये यामागचं गणित मांडलं होतं, पण मैदानांवर ते पोहोचायला यंत्रं यावी लागली. त्यामुळे ‘फेस झेंड्याकडे, पाय डावीकडे, चेंडू वळून येईल’ असं शिकलेल्या खेळाडूचा चेंडू झेंड्याच्या रोखानेच निघतो आणि पुढे वळून त्याच्या उजवीकडे जातो. आधी नेमाचा नियमच चुकीचा शिकवला गेला होता, आणि त्याचा दोष इतकी वर्षं बिचाऱ्या मनगटांना लागत राहिला.

या सगळ्या खुणा वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांत एक साम्य आहे आणि ते प्रयोगांतून पुढे आणलं गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने. विंडसर्फिंग शिकताना तिला जाणवलं की पाय आणि हात यांच्यावर लक्ष ठेवलं की तोल जातो, फळीच्या कलण्यावर ठेवलं की जमतं. १९९८ मध्ये तिने स्कीइंगच्या यंत्रावर हे तपासलं. आपल्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायांखालच्या चाकांकडे लक्ष देणारे चांगलं शिकले. १९९९ मध्ये गोल्फच्या छोट्या फटक्यांवर प्रयोग झाला. नवशिक्यांपैकी काहींनी हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायचं, काहींनी क्लबच्या झोक्याकडे. झोक्याकडे लक्ष देणाऱ्यांचे फटके अधिक अचूक होते, आणि दुसऱ्या दिवशी कोणतीही सूचना न देता घेतलेल्या चाचणीतही ते पुढेच राहिले. शरीरावर जाणीवपूर्वक लक्ष दिलं की आपोआप चालणाऱ्या हालचालींवर लगाम बसतो, असा वुल्फ आणि तिच्या सहकाऱ्यांचा निष्कर्ष आहे. जोन्सचा चाकू, होगनची काच, केलीचा बिंदू या सगळ्या शरीराबाहेरच्या गोष्टी आहेत. शिक्षकांच्या हाताला लागलेलं गुपित प्रयोगशाळेत पोहोचायला साठ-सत्तर वर्षं लागली.

पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा: शरीराबाहेर, पण किती दूर? बेल आणि हार्डी यांनी २००९ मध्ये कसलेल्या खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात क्लबफेसवर लक्ष देण्यापेक्षा चेंडूच्या उड्डाणावर आणि दिशेवर लक्ष देणं अधिक अचूक ठरलं. याच्या उलट पर्किन्स-सेकाटो आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात कच्चे खेळाडू स्वतःच्या हालचालीवर लक्ष देताना अधिक स्थिर होते आणि पक्के खेळाडू लक्ष्यावर. अनेकांना हा वुल्फच्या निष्कर्षाला धक्का वाटतो. मला तो क्रम सांगणारा वाटतो. ज्याला क्लब कसा फिरतो हेच अजून कळलेलं नाही त्याला दूरच्या झेंड्याचा काही उपयोग नाही. त्याला जवळची खूण हवी, क्लबहेडची किंवा गवताची. हात बसला की खूण हळूहळू दूर सरकवायची. आपल्याकडे मात्र दहा वर्षं खेळलेला माणूसही कोपर आणि मनगट यांच्याच विचारात चेंडूसमोर उभा असतो.

खुणेचा लक्ष्याशी संबंध असायलाच हवा, असंही नाही. २०१० ची ब्रिटिश ओपन सेंट अँड्र्यूजला झाली. दक्षिण आफ्रिकेचा लुई ऊस्टहेझन तिथे हातमोज्यावर लाल ठिपका काढून खेळला. फटक्याच्या तयारीला लागताना तो ठिपक्याकडे पाहायचा आणि तिथून चेंडू मारून होईपर्यंत दुसरं काही मनात येऊ द्यायचं नाही, अशी सवय त्याने क्रीडा-मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने लावून घेतली होती. तो सात फटक्यांनी जिंकला. ठिपक्याने दिशा दाखवली नाही. पण दिशा ठरल्यानंतरचा रिकामा वेळ त्याने भरून काढला, आणि शंका शिरते ती नेमकी त्याच वेळेत.

आणि चेंडूवर खिळलेली नजर अत्यावश्यक असती तर अनिका सोरेनस्टम आणि डेव्हिड डुवाल यांचं काय करायचं? दोघांचंही डोकं शरीराबरोबर लक्ष्याकडे वळायला लागायचं, चेंडूला क्लब भिडतो त्याच सुमारास. डुवालने १९९९ मध्ये आणि सोरेनस्टमने २००१ मध्ये एका फेरीत ५९ फटक्यांचा पराक्रम केला. ‘डोकं खाली’ हा सल्ला कित्येकांची मान आणि पाठ आखडून टाकतो, त्यांनी या दोघांची चित्रफीत पाहावी.

ग्रीनवर गणित बदलतं. पटिंगची हालचाल सावकाश आणि छोटी असते, त्यामुळे तिथे डोळ्यांना थोडा वाव मिळतो आणि संशोधनही भरपूर झालं आहे. कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये खेळाडूंच्या नजरेचा माग घेणारं उपकरण लावून पाहिलं. चांगल्या खेळाडूंची नजर फटक्याआधी भोक आणि चेंडू यांच्यामध्ये मोजक्याच वेळा फिरते आणि मग चेंडूवर दीर्घ काळ स्थिरावते. फटका बसल्यावरही क्षणभर चेंडूच्या जुन्या जागेवर टिकून राहते. कच्च्या खेळाडूंची नजर भिरभिरते. या स्थिर नजरेचं प्रशिक्षण देता येतं का, हे एक्सेटर विद्यापीठातल्या व्हाइन, मूर आणि विल्सन यांनी २०११ मध्ये उत्तम खेळाडूंवर तपासलं. प्रशिक्षण घेतलेल्यांचे प्रत्यक्ष स्पर्धांत फेरीमागे पटिंगचे जवळजवळ दोन फटके वाचले. या पातळीवर दोन फटके म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

पण २०१५ ची मास्टर्स जिंकताना जॉर्डन स्पीथ छोट्या अंतरावरून चेंडूकडे न पाहता भोकाकडे पाहून पटिंग करत होता, आणि त्याने टायगर वुड्सच्या २७० या विक्रमाशी बरोबरी केली. कॅनडातल्या सॅशो मॅकेन्झी यांच्या अभ्यासांतही लक्ष्याकडे पाहून सराव करणाऱ्यांच्या पटरच्या वेगात अधिक सातत्य आढळलं. मग खरं कोण? माझ्या मते दोन्ही. चेंडूकडे पाहणाऱ्याला चेंडू मधोमध भेटतो, भोकाकडे पाहणाऱ्याला अंतराचा अंदाज नीट येतो. दोन्हींत नजर एका जागी स्थिर आहे, आणि फायदा त्या स्थिरतेचा आहे. नुकसान होतं ते पटर हलत असताना चेंडूवरून उठून भोकाकडे धावणाऱ्या नजरेचं.

भोक मोठं दिसलं तर चेंडू अधिक वेळा आत जातो, हा निष्कर्ष मात्र मी बाजूला ठेवेन. जेसिका विट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भोकाभोवती प्रकाशाची छोटी वर्तुळं पाडली. छोट्या वर्तुळांमुळे भोक मोठं भासलं आणि पटिंग सुधारलं, असं त्यांनी मांडलं. बातम्या खूप झाल्या. पुढे मोठ्या गटांवर पुन्हा केलेल्या प्रयोगांत तो परिणाम भक्कमपणे टिकला नाही.

ग्रीनवरच्या खऱ्या खुणा गवतातच असतात. आपल्याकडच्या उष्ण हवेतल्या अनेक ग्रीन्सवर बर्म्युडा जातीचं गवत असतं आणि त्याची पाती एका बाजूला झुकलेली असतात. चेंडूमागून पाहताना पृष्ठभाग चकचकीत दिसला तर पाती पुढे झुकलेली आहेत, चेंडू वेगाने जाणार. काळसर, मंद दिसला तर पाती सामोरी आहेत, जोर अधिक लागणार. मुंबई-पुण्याच्या कोर्सवर वर्षानुवर्षं राबलेले कॅडी हे पाहता पाहता ‘दोन कप डावीकडे’ सांगून मोकळे होतात, आणि त्यांचा अंदाज महागड्या उपकरणांइतकाच खरा ठरतो. मार्क स्वीनीची एमपॉइंट पद्धत डोळ्यांवर विसंबत नाही. चेंडूच्या रेषेवर पाय फाकवून उभं राहायचं, तळव्यांना उतार किती टक्के जाणवतो ते ठरवायचं आणि हात लांब करून भोकाच्या कडेशी तितकी बोटं धरून नेमबिंदू ठरवायचा. डोळे फसतात, पाय कमी फसतात, हा त्यामागचा विचार मला पटतो.

कारण फसवण्यासाठी कोर्स आखणारे बसलेलेच असतात. ॲलिस्टर मॅकेन्झी हा ऑगस्टा नॅशनलचा एक रचनाकार पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात शत्रूने जमिनीच्या चढउतारांत स्वतःला कसं लपवलं हे त्याने पाहिलं आणि ती विद्या गोल्फमध्ये आणली. ग्रीनपासून बरंच अलीकडे असलेलं बंकर ग्रीनला चिकटून आहे असं भासवणं हा त्यातलाच प्रकार. झेंडासुद्धा एक फसवी खूण आहे. तो डोळ्यांत भरतो म्हणून सगळे त्याच्यावर नेम धरतात, मग तो पाण्यापासून चार पावलांवर का असेना. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी हजारो फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलं की उत्तम खेळाडूंचेही फटके विखुरतात. नेम झेंड्यावर धरण्याऐवजी आपल्या विखुरण्याचा मध्य सुरक्षित जागी पडेल असा धरावा.

आणि जे टाळायचं त्याकडे पाहून ते टळत नाही. डॅनिएल वेग्नर यांच्या १९९८ च्या प्रयोगात चेंडू लक्ष्याच्या पुढे जाऊ देऊ नका असं बजावलेले लोक, त्याच वेळी एक मोठा आकडा लक्षात ठेवायला लावल्यावर, नेमके पुढेच मारत राहिले. कॅडीने ‘उजवीकडे पाणी आहे, सांभाळून’ म्हणणं आणि ‘त्या डाव्या नारळावर’ म्हणणं यांत फटक्याचा फरक आहे.

नियमांनीही नेमाला खेळाडूचं स्वतःचं कौशल्य मानलं आहे. जवळची खूण हेरता येते, पण ती ठेवता येत नाही. उभं राहताना मदत म्हणून जमिनीवर कोणतीही वस्तू मांडली तर दोन फटक्यांचा दंड. २०१९ पासून खेळाडू जागा घेऊ लागला की कॅडीने त्याच्या मागे रेषेवर उभं राहायचं नाही. त्याच वर्षी जानेवारीत दुबईत चीनच्या ली हाओतोंगला शेवटच्या ग्रीनवर हा दंड बसला आणि तो संयुक्त तिसऱ्या क्रमांकावरून संयुक्त बाराव्या क्रमांकावर घसरला. त्यावर गदारोळ झाला, फेब्रुवारीत नियमाचं स्पष्टीकरण आलं आणि खेळाडू मागे हटून पुन्हा उभा राहिला तर दंड नाही असं ठरलं. ग्रीनवरची शिक्षा कठोर होती हे मान्य, पण नियमाचा गाभा मला योग्य वाटतो. दिशा ठरवून तिच्याशी स्वतःला जुळवणं हा या खेळाचा निम्मा भाग आहे.

तो निम्मा भाग आपण शिकवत नाही याचं एक साधं कारण सरावाच्या जागेत आहे. ड्रायव्हिंग रेंजवर चौकोनी मॅट असते, तिच्या कडा सरळ पुढे जातात, शेजारचे सगळे त्याच दिशेला मारत असतात. तिथे नेम आयता मिळतो. शंभर चेंडू मारणारा शंभर वेळा स्विंग करतो आणि नेम एकदाही धरत नाही. कोर्सवर पहिल्या टीवर ना मॅट, ना रेघा. उलट टीचा चौथरा भलत्याच दिशेला वळलेला असतो. रेंजवर प्रत्येक चेंडूला वेगळा झेंडा निवडायचा, दर वेळी मागे जाऊन रेषा पाहायची, मॅटच्या कडेकडे दुर्लक्ष करून समोरची एक काडी हेरायची आणि मगच जागा घ्यायची. तासाला शंभराऐवजी तीस चेंडू होतील. प्रशिक्षकाने त्या तिसांपैकी पहिल्या दहांत शिष्याच्या स्विंगबद्दल एक शब्दही काढू नये. फक्त मागे उभं राहून क्लबफेस कुठे रोखला आहे ते पाहावं.